पावसातील पणजी, सायकलवरून

पणजी पाहावी ती पावसात आणि सायकलवरून, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटारीच्या ओल्या काचेतून दिसतो तो केवळ पुढच्या गाडीचा लाल दिवा.

गेल्या श्रावणातील एका रविवारी रायबंदरहून निघालो. १६३३-३४ मध्ये बांधलेल्या लांबलचक सेतूवर एका बाजूस दुथडी मांडवी, दुसरीकडे खारफुटी. फोंतेन्हासच्या अरुंद गल्ल्यांतून कौलांच्या पागोळ्या अंगावर घेत जुन्या सचिवालयाशी आलो. शेजारी आबे फारियांचा १९४५ मधील पुतळा चिंब भिजत होता. संमोहनाचे मूळ चुंबकशक्तीत नसून सूचनेत आहे, हे सांगणारा हा कांदोळीचा सुपुत्र! पुढे जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची वास्तू लागली. १८४२ मध्ये सुरू झालेली आपली ही वैद्यकपरंपरा. महाविद्यालय आता बांबोळीस आहे.

सूचना तर आपणही रोज करतो : आठवड्यास किमान १५० मिनिटे व्यायाम करा. परंतु सूचना पाळता येण्याजोगी नको का? पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, मागून वाहने सुसाट येतात. अशा रस्त्यावर मधुमेही रुग्णाला कोणत्या तोंडाने पाठवावे?

म्हणून रायबंदर ते मिरामार नदीकाठी सायकलींसाठी स्वतंत्र, सुरक्षित मार्ग हवा. ही मागणी डॉक्टरांनीच करावी. कारण ती पर्यटनाची हौस नसून औषधचिठ्ठीचाच एक भाग आहे. निवेदनावर पहिली सही करण्यास मी सिद्ध आहे.