फावला वेळ : संपादक नसलेली चित्रमालिका

वाचकहो, आपल्या घरात चित्रे काढणारे कोणी ना कोणी असेलच. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर गुरुजींचा चष्मा, वीजबिलाच्या पाठीवर शेजारच्यांचे मांजर, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पंगतीत डुलक्या घेणारे एखादे मामा! पूर्वी ही संपत्ती रद्दीबरोबर निघून जाई. एखादा धीट मनुष्य चार चित्रे पाकिटात घालून मासिकाकडे धाडी, आणि काही आठवड्यांनी ती ‘साभार परत’ येत. त्या दोन शब्दांना आम्हा हौशी मंडळींनी फार बोल लावले. आता ते शब्द ऐकण्याचा प्रसंगच राहिलेला नाही. चित्र काढावे, त्याची प्रत संगणकात घ्यावी, महाजालावर ठेवावी. ते प्रसिद्ध झाले. अशी चित्रमालिका भागाभागाने, ठरावीक दिवशी प्रसिद्ध करीत राहणे यालाच वेबकॉमिक असे म्हणतात. हा छंद मला २०१८ सालच्या दिवाळीपासून लागला आहे. त्याविषयी लिहावयास बसले तेव्हा प्रथम मनात आले ते एवढेच, की ‘साभार परत’ पाठविणारा तो संपादक गेला, ही गोष्ट आपण समजतो तितकी सोपी नव्हे. त्याची खुर्ची रिकामी राहत नाही. तीवर आपल्यालाच बसावे लागते.

चित्रकला उत्तम आली पाहिजे काय, असा प्रश्न नवशिके प्रथम विचारतात. अमेरिकेतील रँडल मन्रो या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने २००५ साली आपल्या जुन्या वह्यांमधील रेखाटने संगणकात उतरवून महाजालावर ठेवण्यास आरंभ केला. त्याच्या ‘एक्सकेसीडी’तील माणूस म्हणजे एक वर्तुळ आणि पाच काड्या; नाक नाही, डोळे नाहीत. तथापि सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या दिवशी त्या काड्या काय बोलतात, हे पाहण्यासाठी जगभरचे लोक थांबलेले असतात. तेव्हा हात कच्चा असल्याची सबब चालणार नाही. नोकरीची सबबही चालणार नाही. वसंत सरवटे हे सिमेंटच्या कंपनीत अभियंता होते, आणि जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळा’ला हातोडा घेतलेले रूप दिले ते त्यांनीच. मात्र सरवट्यांच्या चित्राला मासिकाची तारीख होती, छापखान्याची घाई होती, चित्र कधी येते म्हणून वाट पाहणारा संपादक होता. आपल्याला यांपैकी काहीच नाही, आणि बहुतेक वेबकॉमिके मरतात ती याच ठिकाणी.

हॉवर्ड टेलर या गृहस्थांनी १२ जून २००० रोजी ‘श्लॉक मर्सनरी’ ही अंतराळातील भाडोत्री सैनिकांची विनोदी चित्रकथा सुरू केली, आणि २४ जुलै २०२० पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ, एकाही दिवसाचा खंड पडू दिला नाही. पहिली चार वर्षे तर ते संगणकाच्या व्यवसायातील एका कंपनीत नोकरीस होते. हे वाचून मीही ‘रोज एक’ असा संकल्प सोडला. तो एकोणीस दिवस टिकला. विसाव्या दिवशी धाकट्याला ताप आला, मग पाहुणे आले, मग नुसताच कंटाळा आला. आणि पाच-सहा आठवडे वाचकांना तेच जुने चित्र दिसत राहिले. टेलर यांचा नेम थोर खरा, परंतु तो त्यांचा नेम होता. आपली शिल्लक वेळ किती, हे आपल्या घराला विचारून ठरवावे. मी रविवार धरला. त्याहून महत्त्वाची सवय म्हणजे पाच-सहा भाग नेहमी पुरे करून बाजूला ठेवणे. घरात आठवड्याचे पीठ दळून ठेवतात, तसे. दुखणेबाणे आले की तेच खर्ची पडते, आणि वाचकास त्याचा पत्ताही लागत नाही.

साहित्याच्या यादीने मी आपली जागा अडवीत नाही. जाड कागद, फिकट निळी पेन्सिल, पाण्याने न फिसकटणारे काळे पेन आणि एक स्कॅनर एवढे पुरे. निळी रेघ संगणकात सहज गाळता येते, म्हणून खोडत बसावे लागत नाही. रंग भरावयाचे असल्यास ‘क्रिता’ आणि ‘गिम्प’ ही दोन्ही साधने विनामूल्य मिळतात.

परंतु अक्षरांविषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण इंग्रजी चित्रकथा समोर ठेवून शिकणारास ते कोणी सांगत नाही. रोमन लिपीतील मोठी अक्षरे सारख्या उंचीची असतात, त्यामुळे ओळीखाली ओळ चिकटून बसते. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, पायाशी उकार. वरच्या ओळीतला ‘तू’ आणि खालच्या ओळीतला ‘मी’ एकमेकांत अडकले, की सगळा फुगा कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसू लागतो. म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी संवाद लिहावा, त्याभोवती फुगा काढावा, आणि उरलेल्या जागेत माणसे उभी करावीत. शिवाय आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते, आणि विनोदही पुष्कळदा त्या शेवटच्या शब्दावरच उतरतो. तो शब्द मोडून दोन ओळींत गेला तर हसू अर्ध्यावर राहते. हाताने लिहिण्याचा कंटाळा असेल तर हस्ताक्षरासारखे दिसणारे ‘कलम’ यासारखे अक्षरसंच विनामूल्य आहेत. मात्र त्यांतील ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत की मराठी, आणि ‘पायऱ्या’ या शब्दातील अर्धा र नीट उमटतो की नाही, हे आधी पडताळून घ्यावे. माझी मालिका ‘वरचा मजला’ या नावाची असल्यामुळे तिच्यात पायऱ्यांचा उल्लेख वारंवार येतो. पहिल्या वर्षी त्या पायऱ्यांवर मी फार वेळा घसरले.

आणखी दोन गोष्टी. आज पुष्कळ लोक भ्रमणध्वनीच्या चिंचोळ्या पडद्यावर वाचतात; चारही चौकटी सारख्या मापाच्या काढल्या तर त्या शेजारी शेजारी मांडता येतात आणि एकीखाली एकही. दुसरे म्हणजे, चित्रातील अक्षरे दृष्टिहीन वाचकाच्या संगणकास सहसा नीट वाचता येत नाहीत. चित्राखाली संवाद आणि दोन ओळींचे वर्णन साध्या मजकुरात लिहावे.

आता ज्यासाठी हे सदर लिहावयास घेतले ते सांगते. ‘वरचा मजला’मधील कुटुंब काल्पनिक आहे, असे मी पहिल्या भागापासून जाहीर करीत आले. ते कितपत खरे, हे आमच्या बडोद्याच्या घरात सर्वांना ठाऊक होते. रिकाम्या बरण्यांची झाकणे जपून ठेवणाऱ्या त्यातल्या आजी म्हणजे हुबेहूब आमच्या सासूबाई. आणि त्यांना त्याचे कौतुकही होते. २०१९च्या उन्हाळ्यात सासरे वारले. त्यानंतर पुष्कळ दिवस सकाळी चहा गाळताना सासूबाई सवयीने ओट्यावर दोन कप मांडीत, क्षणभर थांबत, आणि एक कप परत फळीवर ठेवीत. मी ते पाहिले. एकसष्टाव्या भागात तेच चार चौकटींत काढले. शब्द एकही घातला नाही.

माझ्या कोणत्याही भागास लाभला नव्हता एवढा प्रतिसाद त्याला आला. ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या घरातील दुसऱ्या कपाविषयी लिहिले. मी हुरळून गेले. तिसऱ्या दिवशी नागपूरहून सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ते चित्र तिला कोणीतरी पाठविले होते, खालचे माझे नाव कापून. फोन ठेवल्यावर सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर एकच कप होता. त्याच्या पुढच्या दिवशीही एकच.

रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मी म्हटले, “आई, मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं.”

“चांगलं काढलंयस,” त्या म्हणाल्या. “पण मी असं करते ते मला दिसत नव्हतं गं. आता दिसतं.”

मी ते चित्र उतरविले. त्याचा उपयोग काय? तोपर्यंत ते किती ठिकाणी गेले होते कोण जाणे. ज्या संपादकाला आम्ही बोल लावीत असू, त्याने एवढेच विचारले असते, की ज्यांचे हे आहे त्यांनी ते पाहिले आहे काय? तेव्हापासून घरातील कोणाचीही गोष्ट चित्रात आली तर शनिवारी कागद त्या माणसासमोर ठेवायचा आणि ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा नियम केला. सासूबाई हातात पेन्सिल घेऊनच बसतात. “मी ‘अगंबाई’ कधी म्हणते?” असे म्हणून त्यांनी एक अख्खा फुगा खोडला होता. मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपावे, असे मला वाटते. सहाव्या वर्षी जे बोल गोड वाटतात, तेच सोळाव्या वर्षी वर्गमित्रांच्या हाती लागले तर गोड राहत नाहीत. माझ्या थोरल्याने आपल्या परीक्षेच्या गुणांना सरसकट मनाई केली आहे, आणि ती मी पाळते.

हक्कांविषयी थोडक्यात. आपल्या १९५७च्या कायद्याप्रमाणे चित्र निर्माण होताच त्याचा हक्क चित्रकाराकडे येतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. व्यवहारात मात्र सही चौकटीच्या आत, कापता येणार नाही अशी घालावी. सर्वांनाच हक्क आवळून धरावेसे वाटतात असेही नाही. फ्रान्समधील डेव्हिड रेव्हॉय यांनी २०१४ साली सुरू केलेली ‘पेपर अँड कॅरट’ ही मालिका, नावाचा उल्लेख करून, कोणीही छापावी, भाषांतरित करावी, विकावीसुद्धा, अशी त्यांनी मोकळीक दिली आहे. पैशाबद्दल विचाराल तर २०१२ साली रिच बर्लू यांना आपल्या ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’च्या पुस्तकांसाठी वाचकांकडून साडेबारा लाख डॉलर मिळाले हे खरे. मला आजवर मिळालेल्या पैशात पेनांचा खर्च निघतो.

जतनाची गोष्ट यापेक्षा निकडीची. दुसऱ्याच्या जागेत फुकट ठेवलेली चित्रे ही भाड्याच्या घरात लावलेल्या झाडांसारखी होत. हजारो हौशी लोकांची पाने ज्यावर होती ते ‘जिओसिटीज’ २००९ साली बंद झाले. खास वेबकॉमिकांसाठी २००५ साली निघालेले ‘स्मॅक जीव्ह्स’ ३१ डिसेंबर २०२० रोजी मिटले. माझी मालिका ज्या ठिकाणी होती तेही पुढे गुंडाळले गेले, आणि तेव्हा ध्यानात आले की संगणकात मी ८०० बिंदू रुंदीच्या लहान प्रतीच तेवढ्या राखल्या होत्या. छापावयास गेले तर तीनशे डीपीआयने त्या जेमतेम पावणेतीन इंच भरतात. आपण असे करू नये. रेषाचित्राची प्रत ६०० डीपीआयने घ्यावी, दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी, स्वतःच्या नावाचे लहानसे संकेतस्थळ घ्यावे, आणि मूळ कागद कधीही टाकू नयेत.

कागद मी टाकले नव्हते, म्हणून निभावले. सगळी बाडे काढून एका सुट्टीत पुन्हा प्रती घेण्यास बसले. १ ते ६० ओळीने मिळाले, ६२ पासून पुढचेही. ६१ काही सापडेना. कपाट, माळा, जुन्या दप्तरांचे कप्पे सगळे उपसून झाले, तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, “शोधू नकोस. तो माझ्याकडे आहे.”

त्यांच्या ट्रंकेत, सासऱ्यांच्या चष्म्याच्या घराखाली तो आहे. प्रत घेण्यापुरता मागावा असे एक-दोनदा ओठांवर आले, पण मागितला नाही. यादीत ६१ या आकड्यापुढे मी जागा कोरी ठेवली आहे.