किनारे झाडून समुद्र स्वच्छ होत नाही!

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यावर तेलगोळे येतात, ही आता बातमीही राहिलेली नाही. भर समुद्रात टाक्या धुणारी जहाजे निघून जातात. डांबर राहते आमच्या रापणकारांच्या जाळ्यात. समुद्री कासवे हे गोळे खाद्य समजून गिळतात. मग मोरजी, गालजीबागला अंडी घालायला येणाऱ्या कासवांनी जायचे कुठे? सरकार मात्र पर्यटकांचे पाय काळे होऊ नयेत म्हणून वाळू झाडते! तेलाच्या रासायनिक ठशावरून त्याचा उगम शोधण्याचे शास्त्र दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे आहे. मग दोषींची नावे जाहीर का होत नाहीत? आमची मागणी साधी आहे: दरवेळी नमुने तपासा, अहवाल लोकांपुढे ठेवा, जहाजमालकांकडून वसुली करून मच्छीमारांना भरपाई द्या. समुद्र ही कोणाच्या घरची मोरी नव्हे!