पोटातील खनिज आणि दगडाचे नाव

खनिजांच्या अभ्यासात ज्यांचा अधिकार मी आजवर मानत आलो, अशा एका गृहस्थांनी नुकतेच व्याख्यानात ठासून प्रतिपादन केले की, क्वॉर्ट्झच्या प्रकारांची जी नावे व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या रूढ केली, ती सर्व आता दप्तरबंद करावीत आणि ज्या दगडाच्या पोटात जे खनिज सापडेल, त्यावरूनच त्या दगडाची व्याख्या करून त्याला नाव द्यावे. क्वॉर्ट्झ हे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. शुद्ध असेल तर पाण्यासारखे निर्मळ. म्हणून त्यात दिसणारा रंग आणि चमक ही आत शिरलेल्या खनिजाची देणगी. सबब नावाचा मानही त्याच खनिजाचा. कैफियत एवढीच. ती इतकी सुटसुटीत होती की सभेने टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या शेजारच्या एका तरुण संग्राहकाने तेथल्या तेथे आपल्या वहीतील तीन नावे खोडली. ती खोडलेली नावे पाहून मी हा लेख लिहावयास बसलो आहे.

रंग आतील खनिजामुळेच येतो हे गृहीतकच मुळात चुकीचे आहे. जांभळ्या अ‍ॅमेथिस्टच्या पोटात जांभळे खनिज नसते; स्फटिकाच्या जालकात सिलिकॉनच्या जागी बसलेले लोहाचे अणू आणि भूगर्भातील नैसर्गिक किरणोत्सर्ग यांच्या योगाने तो रंग उपजतो. धुरकट क्वॉर्ट्झची कथा तीच, फक्त लोहाच्या ठिकाणी अ‍ॅल्युमिनियम. आणि लहानपणी अंधारात एकमेकींवर घासून आपण ज्यांतून उजेड पाडला, त्या पांढऱ्या गारगोट्यांचे काय? त्यांचा दुधी रंग हा कोंडलेल्या द्रवाच्या आणि वायूच्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांचा. तेथे खनिज नाहीच, मग त्यांना आता बुडबुड्यांचे नाव द्यावयाचे काय?

एकाच खनिजाने किती रूपे घ्यावीत, याचाही विचार त्या गृहस्थांनी केलेला दिसला नाही. हेमॅटाइटचे चपटे, चमकते पत्रे विखुरले म्हणजे तपकिरी-तांबडे अ‍ॅव्हेंचुरीन होते. त्याचीच दाट भुकटी मिसळली म्हणजे अपारदर्शक तांबडा जास्पर होतो. आणि तेच डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक होऊन कॅल्सेडोनीत मुरले म्हणजे तांबडा अकीक होतो. उलट हिरवे अ‍ॅव्हेंचुरीन फुक्साइट नावाच्या क्रोमियमयुक्त अभ्रकाने चमकते, तरी नाव तेच, कारण ते नाव चमकेला दिलेले आहे. आणि तेही मुरानोच्या कारागिरांनी केलेल्या, तांब्याच्या कणांनी चमकणाऱ्या काचेवरून दगडाकडे आलेले. खंबायतचे अकीककार मळकट दगड मडक्यात घालून गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजतात. त्या आचेत पिवळसर गोएथाइटमधील पाणी निघून जाते आणि त्याचे तांबडे हेमॅटाइट होते. नव्या हुकुमाप्रमाणे तो दगड भट्टीत एका नावाने शिरला आणि दुसऱ्या नावाने बाहेर आला. जो कारागीर त्याला आधीही अकीक म्हणतो आणि नंतरही अकीकच म्हणतो, तो अडाणी ठरला!

तथापि माझा खरा आक्षेप याहून खोल आहे, आणि त्याच्यापुढे वरील सर्व आक्षेप मी सोडून द्यावयासही तयार आहे. दगडाचे नाव तो हाती आल्याबरोबर लागते, आणि त्याच्या पोटात काय आहे हा निर्णय पुष्कळदा शंभर वर्षांनी लागतो, आणि लागल्यावरही फिरतो. गुलाबी क्वॉर्ट्झ पाहा. त्याचा रंग कोणी टायटॅनियमच्या, कोणी मँगॅनीजच्या, कोणी रुटाइलच्या सुयांच्या नावे मांडला. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तो दगड हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवला गेला, तेव्हा तळाशी सूक्ष्म गुलाबी तंतू उरले. ते ड्यूमॉर्टिएराइटच्या नात्यातले, परंतु हुबेहूब ड्यूमॉर्टिएराइट नव्हेत. म्हणजे या नियमाने चालणाऱ्या संग्राहकाने तीनदा नाव फिरवले असते, आणि चौथ्या वेळी द्यावयास त्याच्यापाशी नेमके नावच नसते. उलट साध्या डोळ्यांनी पाहून ज्याने तो ‘गुलाबी’ म्हटला, त्याचे विधान त्या दिवशीही खरे होते आणि आजही खरे आहे. व्याघ्रनेत्रीचे असेच. 1873 पासून पाठ्यपुस्तके सांगत आली की क्रोसिडोलाइटचे तंतू झिजले आणि त्यांची जागा क्वॉर्ट्झने घेतली. 2003 साली असे प्रतिपादन पुढे आले की खडक वारंवार तडकत आणि सांधत असताना दोन्ही खनिजे बरोबरीनेच वाढली. एकशे तीस वर्षांचा दाखला असा पालटला, पण दगड हातात फिरवला की सरकणारी ती सोनेरी रेघ जागची हलली नाही. आणि अ‍ॅमेथिस्टमधील ज्या पिवळ्या कुंचल्यांना व्यापारी कॅकॉक्सेनाइट म्हणून दाम दुप्पट लावतात, ते तपासणीत बहुधा गोएथाइटच निघतात. पोटातील खनिजावरून नाव देण्याची घाई पहिल्याने कोणाच्या पथ्यावर पडते, हे यावरून समजावे.

हा वाद मला नवा नाही. पूर्वी गारगोटी म्हणावे, स्फटिक म्हणावे की क्वॉर्ट्झ म्हणावे यावर आमच्या मंडळींत कितीतरी संध्याकाळी गेल्या. पुढे शैवाल अकीकात पट्टे नाहीत म्हणून त्याला अकीक म्हणूच नये, असा फैसला काहींनी परस्पर देऊन टाकला. त्या फैसल्याची अंमलबजावणी एका संग्रहात झालेली मी पाहिली आहे: जुन्या चिठ्ठ्या काढून नव्या डकवल्या, आणि जुन्या चिठ्ठ्यांबरोबर दगड कोणत्या गावचा, कोणत्या ओढ्यातला, ही माहितीही केरात गेली. नाव शुद्ध झाले आणि दगड बेवारस झाला. तो संग्रह आठवला की आजही मला संताप येतो.

मग करावे काय? आपल्या सातबाऱ्यात जमीन कोणाची हे सातच्या नमुन्यात असते आणि शेतात काय उभे आहे हे बाराच्या नमुन्यात. पीक बदलले म्हणून कोणी गटाचा नंबर बदलत नाही. दगडाच्या चिठ्ठीलाही हीच वहिवाट लावावी: वर क्वॉर्ट्झ, त्याखाली रूढ नाव, आणि त्याखाली आतील खनिज. जेथे ते खनिज नुसत्या डोळ्यांना निःसंशय दिसते, जसे सोनेरी केसांसारखे रुटाइल किंवा काळ्या काड्यांसारखे टुर्मलीन, तेथे ‘रुटाइलयुक्त क्वॉर्ट्झ’ म्हणण्यास माझी हरकत नाही. तेथेही विशेषण रुटाइलचे आणि नाम क्वॉर्ट्झचेच राहते.

त्या तरुण संग्राहकाला माझी विनंती एवढीच आहे की, वहीत खोडलेली तीन नावे त्याने पुन्हा लिहावीत, जुनी कोणतीही चिठ्ठी फाडू नये, आणि पोटातील खनिजाचे नाव लिहिताना ते कोणत्या साली, कोणत्या रीतीने तपासले हेही त्यापुढे नोंदवावे.