अर्ध्या वाटेवरचे जेवण

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी नऊला आम्ही घरातून निघालो. आम्ही दोघे, दोन मुले आणि मागच्या सीटखाली चादरीत गुंडाळून घट्ट बसवलेले रश्श्याचे डबे. त्याच वेळी रत्नागिरीहून आमचे जुने मित्र, भाभी आणि त्यांची मुलगी निघणार होती. जेवायला भेटायचे आंब्याला. कोल्हापूर ते रत्नागिरी सुमारे 130 किलोमीटर आणि आंबा जवळजवळ मध्यावर. मुलांना आम्ही एवढेच सांगितले होते.

खरी गोष्ट अशी की, आठ वर्षे आमचे एकमेकांकडे जाणे-येणे बंद होते. बी.एड.ला आम्ही एकत्र शिकलो, कित्येक ईदी एकमेकांच्या घरी केल्या. मग आमच्या घरातल्या एका मुलीसाठी त्यांच्या धाकट्या भावाचा रिश्ता आला. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. मुलगीही राजी होती. पण आमच्या अम्मी म्हणाल्या, "ते कोकणी, शाफई. आपले त्यांचे जमायचे नाही." तिकडूनही "घाटावरची मुलगी कशाला?" असा सूर निघाला. रिश्ता मोडला. दोघांची लग्ने पुढे दुसरीकडे झाली, सुखात आहेत. आमची दोस्ती मात्र मोबाईलवरच्या 'ईद मुबारक'पुरती उरली. गेल्या महिन्यात भाभींचा फोन आला, "तुम्ही खाली उतरत नाही, आम्ही वर चढत नाही. निदान आंब्यापर्यंत तरी या."

शिवाजी पूल ओलांडला आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगू लागली. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ओव्हरटेक करायची सोय नाही. गुऱ्हाळांचा गोड वास गाडीत येत होता. जोतिबाचा डोंगर मागे पडला, वाघबीळ, बांबवडे गेले. मलकापूरला चहा घेतला. तिथून पुढे ऊस कमी होत गेला. कापणी झालेली भातखाचरे आणि मग दोन्ही बाजूंना दाट झाडी. घाट सुरू होतो तिथे गाडी बाजूला घेऊन थांबलो. खाली धुक्यात कोकण दिसत होते. वळणावळणाने गाड्या वर येत होत्या आणि मुले प्रत्येक पांढऱ्या गाडीला "आले, आले" म्हणत होती.

अखेर ते आले. सलाम झाला, गळाभेट झाली. दोन मिनिटे कुणाला काही सुचेना.

आंबा गावात एका घरगुती खानावळीच्या अंगणात बसायची सोय आधीच फोनवर केली होती. डबे उघडले. आमच्याकडे तांबडा-पांढरा रस्सा आणि सुके मटण. भाभींकडे तांदळाच्या भाकरी, तळलेली सुरमई, सोलकढी आणि सांदण. भाभी म्हणाल्या, "कुर्ल्या घरीच ठेवल्या हो. तुमच्या हनफी लोकांत चालत नाहीत ना." आम्हीही तांबड्यात कांदा-लसूण चटणी निम्मीच घातली होती, कारण भाभींना तिखट सोसत नाही. आठ वर्षांनंतरही दोन्ही घरांना एकमेकांचे ताट पाठ होते.

जेवणाआधी जोहरची नमाज झाली. मित्र पुढे उभे राहिले. सलाम फिरवताच आमच्या धाकट्याने विचारले, "चाचा, तुम्ही रुकूला जाताना हात का उचलता? आम्ही नाही उचलत."

मित्रही शिक्षकच. ते म्हणाले, "बेटा, इमाम शाफईंनी तसे शिकवले. आणि इमाम शाफई कुणाकडे शिकले, ठाऊक आहे? इमाम मुहम्मद यांच्याकडे. इमाम मुहम्मद हे इमाम अबू हनीफांचे शागिर्द. म्हणजे तुमच्याच मदरशात शिकलेले की आमचे इमाम!"

मुले हसली. आम्हाला हसू आले नाही. एवढे साधे उत्तर आठ वर्षांपूर्वी आम्हालाही ठाऊक होते. आम्ही मित्रांना म्हणालो, "तेव्हा आम्ही अम्मींशी बोलायला हवे होते." ते म्हणाले, "आम्ही तरी आमच्या घरी कुठे बोललो?"

पावणेचारच्या सुमारास त्यांची असर झाली. अंधाराआधी घाट उतरायचा होता, त्यांनी निघायला हरकत नव्हती. पण आमच्या हिशोबाने असरला अजून पाऊण तास होता. "तुमची होऊ दे, मग निघू," म्हणून ते बसून राहिले. त्या पाऊण तासात सांदण संपले आणि एप्रिलच्या सुट्टीचा बेतही ठरला.

वाचकहो, प्रेषितांनी (स.) रिश्ता पाहताना दीन आणि वर्तन पाहायला सांगितले आहे. आपल्या घरी कोकणी-घाटी, हनफी-शाफई म्हणून चांगले स्थळ परत जात असेल, तर शिकलेल्यांनी तरी गप्प बसू नये. आम्ही बसलो होतो.

रात्री घरी अम्मींना सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सांदण आणले नाहीस माझ्यासाठी?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "एप्रिलमध्ये त्यांना आंब्याला कशाला? घरीच बोलवा."