नस खराब म्हणजे काचबिंदूच, असं नसतं!

दर मार्चमध्ये काचबिंदू सप्ताह येतो. बॅनर लागतात, शिबिरं होतात, डोळ्याचं प्रेशर मोजलं जातं. चांगलंच आहे. पण आकडा 21 च्या वर गेला की थेंब, खाली असला की "काही नाही, जा घरी" असा हिशोब लावला जातो. घोळ इथंच आहे.

काचबिंदू हा डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा आजार. प्रेशर नॉर्मल असतानाही तो होतो. आणि नस खराब झाली म्हणजे काचबिंदूच, असंही नाही. टीबीचं इथॅम्ब्युटॉल, बी-12 ची कमतरता, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ, यांनीही नस जाते. विषारी दारूतलं मिथेनॉल तर एक-दोन दिवसांत नजर घालवतं. 2015 ला मालवणीत शंभरावर माणसं त्यानेच मेली.

फरक कसा कळतो? बाहुली मोठी करून नस बघितली की. काचबिंदूत नसेतला खड्डा वाढतो, पण उरलेली कड बराच काळ गुलाबी राहते. बाकीच्या आजारांत खड्ड्याच्या मानाने नस जास्त पांढरी पडते. काचबिंदूत सहसा कडेची नजर हळूहळू जाते, मधली उशिरापर्यंत टिकते. म्हणून लाल रंग फिका दिसू लागला, काही आठवड्यांत अक्षर पुसट झालं किंवा दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचं दिसेना, तर नुसत्या थेंबांवर थांबू नका. एमआरआय लागेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

एवढं का लिहितोय? काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. इथॅम्ब्युटॉलने गेलेली मात्र गोळी वेळेत बंद झाली तर बऱ्याच जणांची सुधारते. गाठीचंही तसंच. अशा माणसाला काचबिंदूचे थेंब देऊन बसवलं, तर वाचणारी नजर आपणच घालवतो.

सरकारी उपचारात साध्या टीबीला इथॅम्ब्युटॉल सहाही महिने चालतं. मग माझी मागणी साधी आहे. गोळ्या सुरू करताना आणि नंतर दर महिन्याला पेशंटकडून अक्षरांचा तक्ता आणि रंगांचं पुस्तक वाचून घ्या. याला मशीन लागत नाही, पाच मिनिटं लागतात. आणि शिबिरात प्रेशरसोबत नसही बघा.

घरात कुणाला टीबीच्या गोळ्या चालू असतील तर आजच विचारा, नीट दिसतंय ना? शंका वाटली तर गोळ्या मनानं बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.