फाल्गुनातील आभाळ

फाल्गुन लागला की मराठवाड्यातील शेतकऱ्याची नजर आभाळाकडे वळते. गहू, हरभरा काढणीस आलेला असतो, पैठण-जालन्याच्या मोसंबीवर आंबिया बहाराची कोवळी फळे असतात, केसर आंब्याने बाळकैऱ्या धरलेल्या असतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने असले हाताशी आलेले पीक कसे मातीमोल होते, हे दाखवून दिले. हवामान खाते मार्च ते मे या तिमाहीचा अंदाज वर्तविते. बागांच्या पाण्याच्या पाळ्या ठरविण्यास तो उपयोगी खराच. परंतु गारा पडतात त्या दोन-चार गावांच्या पट्ट्यावर. ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी’ या शब्दांत आपले गाव येते की नाही, हे शेतकऱ्याने कोणास विचारावे? परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला आहे. पण तो तालुक्यापुरता उलगडून सांगणारा माणूस जवळ हवा. कृषी विज्ञान केंद्रांतील १९९ जिल्हा कृषी हवामान कक्ष नेमके हेच काम करीत. २०२४ मध्ये ते बंद करण्यात आले. ही काटकसर आम्हांस तरी महागाची वाटते. कापलेला हरभरा ताडपत्रीखाली नेण्यास एक दिवस पुरतो. तेवढी पूर्वसूचना देणारा जाणकार प्रत्येक जिल्ह्यात असणे अगत्याचे आहे.