इलेक्ट्रिकल तळाशी का ढकलता?




अभियांत्रिकी प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरताना आपल्या छत्रपती संभाजीनगरातले पालक कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स ओळीने भरत जातात आणि इलेक्ट्रिकल तळाशी ढकलतात. ही चूक आहे आणि तिची किंमत मराठवाड्यातली मुले मोजतील, असे मला ठामपणे वाटते. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत विजेच्या देखभालीत आयुष्य गेलेला माणूस म्हणून हे लिहीत आहे.

2024-25 पासून तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईने चांगल्या संस्थांसाठी शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. कॉम्प्युटरच्या जागा वाढण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. एकाच दारात गर्दी वाढत असताना आपल्या शहरात काय उभे राहते आहे, ते पाहा. 1985 मध्ये बजाज ऑटो वाळूजला आली आणि शहराचे नशीब पालटले. पुढे जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथल्या सुमारे 20,000 कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. विजेच्या स्कूटर बनवणाऱ्या एथरनेही शहराजवळच्या बिडकीनची निवड केली. अशा गाडीत मोटार, बॅटरी, कंट्रोलर आणि चार्जर हाच गाभा असतो. शिवाय कारखान्याचे स्वतःचे सबस्टेशन, ट्रान्सफॉर्मर, ड्राइव्ह आणि पीएलसी सांभाळायला माणूस लागतोच. रात्री दोनला लाइन बंद पडली की तिथे उभा राहून रिलेची सेटिंग तपासणारा इंजिनिअर हवा असतो.

पालकांचा आक्षेप पगाराचा आहे आणि तो खरा आहे. सॉफ्टवेअरच्या कॅम्पसमध्ये जे पॅकेज ऐकू येते, ते कारखान्यात सुरुवातीला सहसा मिळत नाही. 2019 च्या अ‍ॅप्रेंटिसशिप नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा 9,000 रुपये ठरवले. खोलीभाडे आणि खानावळ भागवल्यावर त्यातले काय उरणार? ज्या उद्योजकांना 'तयार मुले मिळत नाहीत' अशी तक्रार करायची आहे, त्यांनी आधी किमान आकड्यावर थांबणे सोडावे. ट्रेनी म्हणून घेऊन वर्षभराने ठेकेदाराच्या पेरोलवर टाकायचे, ही रीत चालू राहिली तर हुशार मुलगा या शाखेकडे कशाला फिरकेल?

सरकारी नोकरीची आस मी समजू शकतो. महावितरण, महापारेषण किंवा गेट परीक्षेमार्गे एनटीपीसी, पॉवरग्रिड या चांगल्या वाटा आहेत, पण जागा मोजक्या. त्यांची वाट पाहत तीन-चार वर्षे घालवू नयेत. नियमानुसार विजेच्या उभारणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचे असते. कारखान्यांचे शेड, शेतीचे सौर प्रकल्प, नव्या इमारती, सगळीकडे हे परवाने लागतात. तरी पदवी हातात घेतलेल्या कितीतरी मुलांना तो परवाना कुठून काढायचा, हे माहीत नसते. महाविद्यालयाने ते शेवटच्या वर्षात सांगायला नको का?

महाविद्यालयांविषयीच माझे खरे गाऱ्हाणे आहे. मागच्या बॅचचे जर्नल उतरवून काढायचे आणि इन्सुलेशन तपासण्याचे मेगर हातात न धरता पदवी घ्यायची, असे अनेक ठिकाणी चालते. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून या शहरात आहे, खासगी महाविद्यालये आहेत, आणि वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहती काही किलोमीटरवर आहेत. इलेक्ट्रिकलचे आठवे सत्र पूर्णपणे कारखान्यात किंवा सबस्टेशनमध्ये व्हावे, आणि प्राध्यापकांनीही उन्हाळ्यात तिथे काम करावे, अशी माझी मागणी आहे. उद्योजकांच्या 'सीएमआयए' संघटनेने महाविद्यालयांना एकत्र बसवून पुढच्या प्रवेशफेरीपूर्वी याचा निर्णय घ्यावा. त्या बैठकीत मुलांच्या राहण्याजेवणाचाही विचार व्हावा, कारण हिंगोली-परभणीकडून आलेल्या मुलाला सहा महिने वाळूजला खोली घेऊन राहणे परवडत नाही.

— एक निवृत्त विद्युत अभियंता, सिडको, छत्रपती संभाजीनगर